हाएनच्या ऑलिव्ह बागा आणि तिथलं तेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची लातूरकडची. गेली काही वर्षं दक्षिण स्पेनमधल्या हाएन प्रांतात, ऑलिव्हच्या एका बागेच्या घाण्यावर तेलाची चव आणि प्रत तपासण्याचं काम करते आहे. गावाकडून, पुण्या-मुंबईहून, परदेशातल्या मैत्रिणींकडून प्रश्न येत राहतात आणि बहुतेक वेळा तेच ते असतात. म्हणून ते एकत्र करून सविस्तर उत्तरं लिहिली. क्रमानं वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑलिव्हचं तेल बियांचं असतं की गराचं?

गराचं, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस ही सगळी बियांची तेलं. बी कोरडं असतं, पोत्यात भरून ठेवता येतं, घाण्यावर सवडीनं नेता येतं. ऑलिव्ह हे फळ आहे. त्यात जवळपास निम्मं पाणी असतं, पिकलेल्या फळात साधारण पाचवा हिस्सा तेल असतं आणि ते जवळजवळ सगळं गरात असतं. फळ झाडावरून उतरलं की बिघडायला सुरुवात होते. आपल्याकडे तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घसरतो, तशीच घाई इथंही असते. म्हणून चांगल्या ऑलिव्ह तेलाला मी फळाचा रस म्हणते. रसाला जे नियम लागू, तेच याला.

शब्दांची गंमतही सांगते. आपलं ‘तेल’ आलं तिळावरून: तिलापासून निघालेलं ते तैल. इंग्रजीतलं ‘ऑइल’ मुळात ऑलिव्हवरून आलं. स्पॅनिशमध्ये तेलाला ‘आथेइते’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘झैत’चा, आणि आपल्याला ठाऊक असलेला ‘जैतून’ त्याच घरातला. ज्याच्या अंगणात जे पिकलं, त्याचंच नाव त्यानं तेलाला दिलं.

२. हाएनमध्येच एवढी झाडं का?

हाएन हा आंदालुसिया राज्यातला एक प्रांत. इथं ६ कोटींहून जास्त ऑलिव्हची झाडं आहेत. स्पेन हा ऑलिव्ह तेलाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आणि स्पेनमध्ये हाएन पहिला. टेकडीवर उभं राहिलं की क्षितिजापर्यंत करड्या-हिरव्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात, दुसरं पीक दिसतच नाही. झाडाला हवी तशी हवा इथं आहे: फुलोऱ्याआधी हिवाळ्याची थंडी, लांब कोरडा उन्हाळा, बेताचा पाऊस आणि चुनखडीची, पाणी न साचणारी जमीन.

इतिहासही तितकाच जुना आहे. फिनिशियन व्यापाऱ्यांनी लागवडीला चालना दिली आणि रोमन काळात ग्वादाल्कीविर नदीच्या खोऱ्यातून तेल थेट रोमला जाऊ लागलं. त्याचा पुरावा रोममध्ये उभा आहे. मोन्ते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी तिथं आहे, आणि ती मातीची नाही, फुटक्या रांजणांच्या खापरांची आहे. बहुतेक रांजण याच भागातले. एकेकात साधारण ७० लिटर तेल मावायचं. तेल मुरलेला रांजण पुन्हा वापरता येत नसे, म्हणून तो फोडून तिथं रचायचे आणि वास मारायला वर चुना टाकायचे. कितीतरी खापरांवर कुंभाराचा शिक्का आणि शाईनं लिहिलेली वजनं, व्यापाऱ्यांची नावं आजही वाचता येतात. बाटलीवर मूळ गाव लिहिण्याची चाल इतकी जुनी आहे.

पुढं अरब राजवटीत शेतीला पुन्हा जोर आला. तेलाच्या घाण्याला स्पॅनिशमध्ये आजही ‘आल्माथारा’ म्हणतात. हा शब्द अरबीतला, अर्थ ‘पिळण्याची जागा’.

३. ‘इस्टेट’चं तेल म्हणजे नेमकं काय?

झाडं, घाणा आणि बाटली भरण्याची जागा एकाच मालकीची असणं. इथल्या जुन्या शेतवाड्याला ‘कोर्तिहो’ म्हणतात: मध्ये अंगण, भोवती राहती घरं, गुरांचा गोठा, घाणा आणि पुष्कळदा छोटं प्रार्थनाघर.

तरी हाएनचं सगळं तेल अशा वाड्यांतून येतं असं समजू नका. मोठा वाटा सहकारी घाण्यांचा आहे. पाच-दहा एकरांचा शेतकरी आपलं फळ गावच्या संस्थेच्या घाण्यावर घालतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था, तिचं राजकारण, सभासदांच्या बैठका, सगळं ओळखीचं वाटेल. पिढ्यान्‌पिढ्या बरंचसं तेल टँकरमधून इटलीला गेलं आणि तिथल्या नावानं विकलं गेलं. स्वतःच्या गावाच्या नावानं बाटली भरणं हा इथल्या लोकांसाठी अलीकडच्या काही दशकांतला अभिमान आहे. कानेना गावातल्या किल्ल्याचं नाव लावून तेल विकणारं घराणं हे त्याचं चांगलं उदाहरण. त्यांची ऑलिव्हची शेती १७८० पासूनची. आज ते हंगामाच्या पहिल्या दिवशी उतरवलेल्या फळाचं तेल वेगळ्या बाटलीत भरतात आणि ओकच्या धुराचा वास दिलेलं तेलही करतात.

४. जुन्या घाण्यात तेल कसं काढायचे?

शंकूसारखे दगड गोल दगडी ओट्यावर फिरायचे. ओढायला खेचर किंवा गाढव, पुढं वीज आली. फळ आठळीसकट ठेचून त्याचा लगदा व्हायचा. तो एस्पार्तो गवताच्या गोल चटयांवर पसरायचा, चटईवर चटई रचायची आणि सगळा ढीग दाबाखाली द्यायचा. चटयांना ‘कापाचो’ म्हणतात. दाब देण्यासाठी आधी अख्ख्या झाडाच्या खोडाची दहा-पंधरा मीटर लांब तुळई असायची. दाब देताना तुळईचं एक टोक वर उचललं जाऊ नये, म्हणून ते दाबून धरणारं वजन म्हणून घाण्याच्या भिंतीवर खास मनोरा बांधायचे. सेव्हियाच्या बाजूच्या जुन्या वाड्यांवर असे मनोरे अजून दिसतात आणि लोकांना ते चर्चच्या घंटेचे मनोरे वाटतात. पुढं हायड्रॉलिक प्रेस आले.

दाब देण्याआधीच लगद्यातून जे तेल आपोआप निथळायचं त्याला ‘फ्लोर’, म्हणजे तेलाचं फूल, म्हणायचे. ते घरच्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. उरलेल्या लगद्यावर उकळतं पाणी ओतून पुन्हा पिळायचे. खाली हौदात तेल आणि काळं पाणी वेगळं व्हायची वाट बघायची.

५. मग दगडी घाण्याचं तेल यंत्रापेक्षा चांगलंच असणार ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, आणि माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलावर माझंही प्रेम आहे. पण तिथला न्याय इथं लावता येत नाही, कारण तिथं बी आहे आणि इथं फळ.

कापाचोच्या चटया रोज नीट धुता येत नसत. कालचा लगदा गवतात अडकून आंबायचा आणि आजच्या तेलात उतरायचा. दगडांवर लगदा बराच वेळ उघडा पडायचा, हवा लागायची. घाण्याला वेग नव्हता, म्हणून फळ आठवडे-आठवडे कोठारात साठवून ठेवावं लागे. या कोठाराला ‘त्रोहे’ म्हणतात. ढिगात फळ तापून आंबायचं आणि तेलाला जी कुजकट चव यायची तिला आजही चवीच्या भाषेत ‘आत्रोहादो’, म्हणजे ‘कोठारात पडलेलं’, असं नाव आहे. चटईच्या गवताच्या वासालाही दोषांच्या यादीत स्वतंत्र नाव आहे. जुन्या घाण्याच्या आठवणी अशा दोषांच्या नावांत शिल्लक राहिल्या आहेत.

म्हाताऱ्या मंडळींना ती जुनी चव आवडते, कारण लहानपणापासून तीच माहीत आहे. त्यांच्या घरच्या तेलाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण आज हाएनमध्ये जे उत्तम तेल होतं ते स्टेनलेस स्टीलच्या बंद यंत्रात होतं. वारसा आहे तो झाडांत, जातींत, छाटणीच्या हातात आणि फळ कधी उतरवायचं या नजरेत. दगडाला त्याचं श्रेय देऊ नका.

६. आज झाडापासून बाटलीपर्यंत काय काय होतं?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फळ हिरवं असतानाच उत्तम तेलाची तोडणी सुरू होते. पूर्वी डिसेंबर-जानेवारीत, फळ काळं झाल्यावर तोडायचे, आणि साध्या तेलासाठी अजूनही तसंच चालतं. हिरव्या फळात तेल कमी, पण वास आणि कडवटपणा भरपूर. पिकलेल्या पाच किलो फळांत जिथं लिटरभर तेल मिळतं, तिथं हिरवी आठ-दहा किलो लागतात. किमतीतला फरक मुख्यतः इथून येतो.

झाडाखाली जाळ्या अंथरतात. खोडाला किंवा फांदीला यंत्रानं हादरे देतात आणि चिकटून राहिलेलं फळ लांब काठ्यांनी झोडून पाडतात. काठी कशी मारायची हेही शिकावं लागतं. आडवी मारली तर पुढच्या वर्षीचे कोवळे धुमारे तुटतात. झाडावरचं फळ आणि आधीच जमिनीवर गळलेलं फळ कधीही एकत्र करायचं नाही, दोन्हींच्या रांगा घाण्यावरही वेगळ्या. पहिल्याला ‘व्हुएलो’, म्हणजे उड्डाण म्हणतात आणि दुसऱ्याला ‘सुएलो’, म्हणजे जमीन. मला हे दोन शब्द फार आवडतात.

फळ त्याच दिवशी घाण्यावर येतं. पाला उडवून, धुऊन, आठळीसकट चक्कीत ठेचतात. मग लगदा अर्धा-पाऊण तास सावकाश ढवळतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात. या वेळी तापमान २७ अंशांच्या आत ठेवायचं. तापवलं तर तेल जास्त निघतं, पण सुगंध उडून जातो. घाण्यावरच्या उस्तादाची खरी परीक्षा इथं असते: किती वेळ, किती अंश, आज फळात पाणी किती. त्यानंतर लगदा आडव्या फिरत्या पिंपात जातो. ते इतक्या वेगानं फिरतं, की जड चोथा बाहेर फेकला जातो आणि हलकं तेल मधून वेगळं निघतं. शेवटी तेल गाळून स्टीलच्या बंद टाक्यांत, वर नायट्रोजनचा थर देऊन ठेवतात.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेननं जवळजवळ पाणी न घालता तेल काढणारी पद्धत उचलली. त्याआधी घाण्याचं काळं पाणी ओढ्यांना मारून टाकायचं. आता ओलसर चोथा उरतो. त्याचं पुढं काय होतं ते प्रश्न ७ मध्ये. आठळ्यांचे तुकडे वेगळे करून जळणासाठी विकतात. हिवाळ्यात कितीतरी घरं त्यांवरच ऊबदार राहतात.

७. एक्स्ट्रा व्हर्जिन, व्हर्जिन, ‘प्युअर’, ‘लाइट’, पोमेस: यांत फरक काय?

*एक्स्ट्रा व्हर्जिन* म्हणजे फक्त यंत्रानं काढलेलं, आम्लता (तेलातल्या सुट्या झालेल्या मेदाम्लांचं प्रमाण) जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि चव घेणाऱ्या पथकाला एकही दोष न सापडलेलं. *व्हर्जिन*मध्ये आम्लता २ टक्क्यांपर्यंत आणि थोडा दोष चालतो. त्याहून खराब तेलाला ‘लाम्पान्ते’ म्हणतात, म्हणजे दिव्यात जाळायचं तेल. एके काळी ते खरंच दिव्यात जाळलं जायचं. आज ते रिफाइन करतात. रंग, वास, चव सगळं निघून जातं, आणि त्यात थोडं व्हर्जिन मिसळून ‘ऑलिव्ह ऑइल’ म्हणून विकतात. दुकानातली ‘प्युअर’ आणि ‘लाइट’ ही याच मिश्रणाची नावं. ‘लाइट’मध्ये चव हलकी असते, कॅलरी नाहीत (प्रश्न १३).

*पोमेस* म्हणजे चोथ्याचं तेल. चोथ्यात उरलेलं तेल द्रावकानं बाहेर काढतात, रिफाइन करतात आणि थोडं व्हर्जिन घालतात. भारतात ‘भारतीय स्वयंपाकासाठी’ म्हणून मोठ्या डब्यांत जे स्वस्त मिळतं ते पुष्कळदा हे असतं. खायला सुरक्षित आहे, तळायला चालतं. पण ऑलिव्हच्या ज्या गुणांचं नाव ऐकून तुम्ही ते घेता, ते त्यात नावापुरतेच उरतात. त्यापेक्षा गावच्या घाण्याचं शेंगदाणा तेल घ्या, हे मी आईलाही सांगितलं आहे.

८. बाटलीवर ‘फर्स्ट कोल्ड प्रेस’ लिहिलेलं शोधावं का?

नको. युरोपातल्या नियमांनुसार हे शब्द फक्त जुन्या प्रेसवर २७ अंशांच्या आत पहिल्यांदा पिळलेल्या तेलाला लावता येतात. फिरत्या पिंपातून निघालेल्याला ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ म्हणायचं. ‘पहिली’ पिळणी हा उकळत्या पाण्याच्या काळातला शब्द (प्रश्न ४). आज दुसरी पिळणी नसतेच. शोधायचं ते तोडणीचं वर्ष किंवा महिना, एकाच प्रदेशाचं नाव आणि गडद बाटली.

९. तेल कडू लागलं आणि घशात ठसका लागला. बिघडलंय का?

उलट, बहुधा ते ताजं आणि चांगलं आहे. चव घेणारे तीन गुण मोजतात: फळाचा वास, कडवटपणा आणि घशाला झोंबणं. ठसका देणाऱ्या पदार्थाचं नाव ओलिओकॅन्थल. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याचा परिणाम आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीशी मिळताजुळता आहे. गोळी पाण्यात विरघळवून प्यायली तर घशाला जशी झोंबते तसंच हे झोंबतं, आणि शोध लागला तोही यावरूनच. पण एका चमच्यात तो इतका कमी असतो की औषध म्हणून तेल पिऊ नका.

हाएनची मुख्य जात ‘पिकुआल’ मुळातच कडू आणि तिखट. हिरव्या टोमॅटोच्या पानाचा, अंजिराच्या पानाचा वास तिला येतो. कॅटालोनियातून आलेली ‘आर्बेकीना’ गोडसर, मऊ, बदामासारखी. पहिल्यांदा घेणाऱ्यानं तिच्यापासून सुरुवात करावी. कारल्याची भाजी आवडीनं खाणाऱ्या घराला मात्र मी थेट पिकुआलच देते.

१०. मग खराब तेल कसं ओळखायचं?

नाकानं. यासाठी मराठीत फार नेमके शब्द आहेत आणि कामावर मी मनात तेच वापरते. *खवट*: जुन्या खोबऱ्याचा किंवा उघड्या राहिलेल्या शेंगदाण्याचा वास. *कुबट*: ओलसर कपाटाचा, बुरशीचा. *आंबूस*: दारू किंवा व्हिनेगरच्या अंगानं जाणारा. *कुजकट*: कोठारात पडलेल्या फळाचा (प्रश्न ५). चौथा वास चुकून लोकांना ‘ऑलिव्हचा अस्सल वास’ वाटतो, कारण स्वस्त तेलात तोच असतो.

घरी करून बघा. छोट्या वाटीत चमचाभर तेल घ्या, हाताची ओंजळ करून ऊब द्या, वर तळवा झाका, मग वास घ्या. ताजं गवत, कच्चं केळं, सफरचंद, टोमॅटो असं काही जिवंत आठवलं तर उत्तम. आमच्याकडे हे काम ८ ते १२ जणांचं पथक करतं, तेल २८ अंशांवर ठेवून. प्याला गडद निळ्या काचेचा असतो, कारण रंग बघून मन फसतं. हिरवं म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे वाईट, असं काही नसतं.

११. फ्रिजमध्ये गोठलं तर अस्सल, हे खरं का?

खोटं आहे. थंडीत ऑलिव्ह तेल गढूळ होतं, दाणे धरतं, हे बरोबर. पण किती आणि केव्हा ते जातीवर आणि मेणाच्या अंशावर ठरतं. अस्सल तेल स्वच्छ राहू शकतं आणि मिसळलेलं गोठू शकतं. दिव्याची वात लावून बघायची परीक्षाही तशीच निरुपयोगी. घरी करता येण्यासारखी परीक्षा एकच, वर सांगितलेली नाकाची.

१२. फोडणीला आणि तळायला चालतं का?

चालतं. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन तापवलं की विषारी होतं’ हा निरोप मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पाठवतं. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनचा धूर १९० ते २१० अंशांच्या आसपास सुटतो आणि तळणी १८० च्या जवळपास होते. इथली आजी बटाटे, मासे, वांग्याच्या चकत्या पिढ्यान्‌पिढ्या यातच तळते आहे. पिकुआल तर उष्णतेला विशेष टिकते, कारण तिच्यात ओलेइक आम्ल आणि नैसर्गिक रक्षक द्रव्यं जास्त.

पण मोहरी तडतडेपर्यंत तापवलेल्या तेलात पैसे मोजून घेतलेला सुगंध उरत नाही. माझ्या घरी फोडणी शेंगदाणा तेलाची असते. कच्चं ऑलिव्ह तेल वरून: कोशिंबिरीवर, मेतकूट-भातावर, ज्वारीच्या गरम भाकरीवर शेंगदाण्याच्या चटणीत. धूर निघेपर्यंत कोणतंच तेल तापवू नका.

१३. हृदयासाठी घरातली सगळी तेलं बंद करून हेच वापरू का?

सगळं बदलायची गरज नाही. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या ७,४०० हून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, लोकांची विभागणी करण्याच्या पद्धतीत चुका आढळल्यावर मागं घेतला आणि २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला. निष्कर्ष मुळात तोच राहिला: एक्स्ट्रा व्हर्जिनसह भूमध्य सागरी आहार घेणाऱ्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले. पण तो अख्खा आहार होता. डाळी, भाज्या, मासे, फळं सगळं मिळून. वडापाववर ऑलिव्ह तेल ओतून तो परिणाम मिळणार नाही.

कॅलरी सगळ्या तेलांत सारख्याच, ग्रॅममागे ९. वजन कमी करायला ‘एक चमचा रिकाम्या पोटी’ घेणारे दिवसाला शंभरेक कॅलरी वाढवतात, एवढंच. मधुमेह किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर आहार डॉक्टरांशी बोलून बदला.

१४. आम्लता ०.१ टक्का लिहिलेलं तेल ०.५ वाल्यापेक्षा चांगलं का?

फळ निरोगी होतं आणि पटकन गाळलं, एवढं त्यावरून कळतं. ही आम्लता जिभेला लागत नाही. लिंबाच्या आंबटपणाशी तिचा काही संबंध नाही. रिफाइन तेलाची आम्लता तर ०.३ च्या आत असते आणि त्यात चवीचा पत्ता नसतो. म्हणून आकडा एकटा वाचू नका.

१५. भेसळ खरंच एवढी होते का?

महाग वस्तूत भेसळ होतेच. दोन प्रकार आहेत. एक, लेबल एक्स्ट्रा व्हर्जिनचं आणि आत हलक्या प्रतीचं ऑलिव्ह तेल. यात आरोग्याचा धोका नाही, फसवणूक आहे. दुसरा, परक्या तेलाची मिसळ. स्पेननं त्याचा सर्वांत भयानक अनुभव १९८१ मध्ये घेतला. कारखान्यांसाठी आयात केलेलं, खाऊ नये म्हणून अ‍ॅनिलिन मिसळलेलं रेपसीड तेल शुद्ध केल्याचं सांगून दारोदार आणि बाजारात बिनलेबलच्या कॅनमधून विकलं गेलं. ऑलिव्ह तेल म्हणूनही विकलं. सुमारे २०,००० लोक आजारी पडले, शेकडो दगावले, कित्येक कायमचे अपंग झाले. बळी गेले ते स्वस्त तेलाशिवाय पर्याय नसलेले लोक. आपल्याकडे १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या पिवळ्या धोतऱ्याच्या भेसळीनं लोक दगावले, त्याची आठवण मला हे वाचताना आली.

इथली कडक नियमावली या जखमेनंतरची आहे. २०१४ पासून स्पेनच्या हॉटेलांत टेबलावर पुन्हा भरता येणारी तेलाची बाटली ठेवायला बंदी आहे. तुम्ही सुटं तेल घेऊ नका, बंद बाटलीच घ्या.

१६. बाटली किती दिवस टिकते?

बंद बाटली अंधारात, थंड जागी असेल तर तोडणीपासून साधारण दीड वर्ष. उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. प्रकाश, उष्णता, हवा हे तीन शत्रू. म्हणजे शेगडीशेजारची फळी ही सर्वांत वाईट जागा, आणि बहुतेक घरांत बाटली तिथंच असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवली तरी चालेल. गढूळ झाली तर बाहेर काढल्यावर पुन्हा स्वच्छ होते. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. हे लोणचं नाही, मुरत नाही, फक्त म्हातारं होतं.

१७. मध्ये एकदम इतकं महाग का झालं?

पाऊस पडला नाही आणि मे महिन्यात, फुलोऱ्याच्या वेळी, उष्णतेची लाट आली. स्पेनचं उत्पादन २०२१-२२ मध्ये जवळपास १५ लाख टन होतं, ते २०२२-२३ मध्ये साधारण साडेसहा लाखांवर आलं. पुढचं वर्षही वाईट गेलं. २०२४ च्या सुरुवातीला घाण्यावरच भाव किलोला ८-९ युरो झाला. त्यात ऑलिव्ह हापूससारखं एकाआड एक वर्ष धरतं. चांगल्या वर्षानंतर झाड विश्रांती घेतं. फळमाशी आहेच, आणि ती आपल्या आंब्यावरच्या फळमाशीची बहीण, एकाच वंशातली. त्या दोन वर्षांत फळ नव्हतं म्हणून मजुरीला येणाऱ्या माणसांना कामच नव्हतं. भाववाढीच्या बातम्यांत हे फार कमी आलं.

१८. जुन्या बागा काढून कुंपणासारखी दाट लागवड करतात ते योग्य आहे का?

जुन्या पद्धतीत हेक्टरी ७० ते १०० झाडं असतात, एकेका आळ्यात दोन-तीन खोडं. नव्या दाट लागवडीत हेक्टरी दीड-दोन हजार. द्राक्षबागेसारख्या रांगा, वरून यंत्र चालत जातं आणि फळ गोळा करतं. माणसं कमी लागतात, फळ काही तासांत घाण्यावर पोचतं. तेल वाईट होत नाही, हे मी चव घेऊन सांगते.

अडचण वेगळी आहे. या पद्धतीला सपाट जमीन, पाणी आणि मोजक्या दोन-चार जाती लागतात. हाएनच्या उतारांवर ते यंत्र चढत नाही. तिथल्या शेतकऱ्याचा खर्च जास्त आणि बाजारात भाव तोच. म्हणून सिएरा दे सेगुरा, सिएरा माहिना, सिएरा दे काथोर्ला यांसारख्या प्रदेशांचं भौगोलिक मानांकन असलेलं तेल दिसलं, परवडलं, तर ते घ्या. उतारावरची झाडं टिकायची असतील तर त्यांच्या तेलाला वेगळा भाव मिळायलाच हवा.

१९. आपल्याकडे लावता येईल का? कोकणात किंवा मराठवाड्यात?

झाड जगेल, फळाची खात्री नाही. फुलायला हिवाळ्याची थंडी लागते. कोकणात ती नाही आणि दमट हवाही सोसणार नाही. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, ते मुळांना चालत नाही. राजस्थाननं इस्रायलच्या मदतीनं २००८ च्या सुमारास सरकारी लागवड केली आणि बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला २०१४ मध्ये तेल काढायला सुरुवात झाली. तिथल्या वाळवंटी थंड रात्री आपल्याकडे नाहीत. रोपवाटिकेनं ‘हमखास उत्पन्न’ सांगितलं तर फळ लागलेली, चार-पाच वर्षांची बाग दाखवायला सांगा, मगच पैसे द्या. आपल्या जमिनीत करडई आणि जवस उत्तम येतात आणि दोन्ही मागं पडत चालली आहेत. त्यांच्यावर कुणी असंच प्रेमानं काम केलं तर मला जास्त आनंद होईल.

२०. बाळाच्या मालिशला वापरू का?

औषधाच्या दुकानातली छोटी ‘जैतून तेल’ची बाटली खाण्यासाठी नसते, हे आधी लक्षात घ्या. मालिशचं म्हणाल तर ओलेइक आम्ल जास्त असलेलं तेल त्वचेचं वरचं आवरण सैल करू शकतं असं दिसून आलं आहे. कोरडी त्वचा किंवा पुरळ असलेल्या बाळाला ते लावू नका. आजीचं खोबरेल अधिक बरं. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

२१. हाएनला यायचं असेल तर केव्हा आणि काय बघावं?

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. घाणे चालू असतात, गावभर हिरवा, ओला वास असतो. उबेदा आणि बाएथा ही शेजारची दोन गावं २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बाएथाजवळ ऑलिव्ह संस्कृतीचं संग्रहालय आहे, तिथं तुळईचा जुना प्रेस प्रत्यक्ष बघता येतो. घाण्यावर आधी कळवून जा. हंगामात कुणाला उभं राहायलाही वेळ नसतो.

न्याहारीला ‘ओयो’ मागा, म्हणजे खळगा. पावाचा टोकाकडचा जाड तुकडा घेतात, आतला मऊ भाग काढतात, खळग्यात तेल ओततात आणि काढलेल्या भागाचंच झाकण लावतात. सोबत टोमॅटो, खारवलेला मासा किंवा नुसतंच मीठ. बागेतले मजूर हेच बांधून न्यायचे. नोव्हेंबरात त्यात ओतलं जाणारं तेल त्याच आठवड्यातलं, न गाळलेलं, गढूळ हिरवं असतं. ते घरी न्यायला मागू नका, तळाशी गाळ बसून लवकर बिघडतं. दुसरा ओयो मागा.